माझ्या वाट्याचे औषध

मी एक जुनी मांजर आहे. म्हातारी म्हणालात तर फिस्कारेन, पण जुनी म्हणा, मित्रांनो, खुशाल म्हणा. बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या घरात वाढलेल्या जिवाला जुने म्हणवून घेण्यात कमीपणा वाटत नाही. जुने कातडे नव्यापेक्षा मऊ असते, असे आमचे बाबा गिऱ्हाइकांना नेहमी सांगतात. मांजर म्हणजे वाघाची मावशी, म्हणून घरात मला मावशी म्हणतात.

माझा जन्म दुकानातच झाला, दुरुस्तीला आलेल्या एका निळ्या सुटकेसमध्ये. तिचे कुलूप मोडले होते आणि आत मऊ अस्तर होते. गिऱ्हाईक ती न्यायला परत आलेच नाही. माझी आईही एके दिवशी फिरायला म्हणून गेली ती आली नाही. उरलो मी आणि सुटकेस. बाबांनी आम्हा दोघींना ठेवून घेतले, कारण या घरात उरलेली वस्तू टाकायची पद्धतच नाही. एका बॅगेची चेन दुसऱ्या बॅगेला लागते, फाटक्या पट्ट्याचे बक्कल तिसरीकडे जाते. अशा साऱ्या उरल्यासुरल्या गोष्टी बाबा एका पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि म्हणतात, "एकाचं उरलं, दुसऱ्याला पुरलं."

पुढची वर्षे माझी कष्टाची आणि मानाची गेली. उंदरांना चिकटवायची खळ फार आवडते, आणि खळ चाटता चाटता ते शिवणसुद्धा कुरतडतात. मी एकाही उंदराला दुकानात सुखाने राहू दिले नाही. घरातली आई शिवणयंत्र चालवताना मी तिच्या पायाशी बसायचे, बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "मावशी आहे म्हणून दुकान आहे," आणि शाळेतून आली की त्यांची मुलगी बबडी आधी मला उचलायची, मग दप्तर खाली ठेवायची. मला वाटायचे, हे असेच चालणार.

मग शेठ आला. बबडीच्या मामाने त्याला खोक्यात घालून आणला. पांढरा, गुबगुबीत, लांब कानांचा ससा. दिवसभर एका जागी बसून तोंड हलवायचे एवढेच त्याचे काम, म्हणून त्याचे नाव शेठ पडले. एकदा त्याच्या समोरून उंदीर गेला तर या महाशयांनी बाजूला सरकून त्याला वाट दिली. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरातली माणसे मात्र हसली. "किती गरीब आहे गं!" आई म्हणाली. मी जन्मभर उंदीर मारले, तेव्हा मला कोणी गरीब म्हटले नव्हते.

त्याला कोवळे गवत निवडून द्यायचे, त्याचे कान कुरवाळायचे, त्याने नाक हलवले तरी कौतुक करायचे. मी नाक हलवले तर? कोणी बघायचेसुद्धा नाही. बबडी शाळेतून आली की दप्तर दारातच पडायचे आणि ती माझ्यावरून उडी मारून त्याच्याकडे पळायची. हेही मी गिळले असते. पण एके दिवशी तिने माझी निळी सुटकेस ओढली, तिच्यात गवत पसरले आणि शेठला आत ठेवले.

"मावशी, तू मोठी आहेस ना?" ती मला समजावत म्हणाली. "तो लहान आहे. दे त्याला."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला धाकटे भावंड असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. मोठे असणे हा गुन्हा आहे का? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो लांब कानांचाही असतो हे मला त्या दिवशी कळले. मी यंत्राच्या झाकणावर झोपू लागले. दुपारी शेठ अंगणात गवत खायला गेला की मात्र गुपचूप सुटकेसमध्ये जाऊन बसायचे. जागा माझी होती. वास त्याचा यायचा, आणि माझा जीव जळायचा.

काही आठवड्यांनी शेठ खाजवू लागला. त्याच्या मानेमागे पांढरा कोंडा दिसू लागला, तिथले केस विरळ झाले. बबडीच्या हातावर बारीक लाल पुरळ उठले. मीही खाजवत होते, पण माझ्याकडे पाहायला वेळ कोणाला होता? सगळे घर शेठभोवती. आई म्हणाली, साबण लावून आंघोळ घालू. बाबांना वेगळेच सुचले. मागे मला पिसवा झाल्या तेव्हा मानेवर थेंब सोडायच्या नळ्या आणल्या होत्या, त्यातली एक उरली होती. उरलेली वस्तू कुठे असणार? पत्र्याच्या डब्यात.

"मावशीची नळी आहे की!" बाबा डबा चाळत म्हणाले. "तिला चालतं तर याला का नाही चालणार? एकाचं उरलं, दुसऱ्याला पुरलं."

बबडीने शेठला टेबलावर धरले. आईने त्याच्या मानेवरचे केस बाजूला केले. बाबांनी नळी टेबलावर ठेवली आणि तोंड कापायला कात्री शोधू लागले.

खरे सांगते, ते औषध मला मुळीच आवडत नाही. त्याच्या वासाने मी पलंगाखाली पळते. पण त्या क्षणी मला एकच दिसले. बबडीच्या मांडीवरची माझी जागा गेली, माझी सुटकेस गेली, माझे कौतुक गेले, आणि आता माझे औषधसुद्धा? मी टेबलावर उडी मारली आणि पंजाने नळीला असा फटका दिला की ती घरंगळत गेली ती थेट कातडे ठेवायच्या जड कपाटामागच्या फटीत. बाबांनी फूटपट्टी घालून ती काढायला हात पुढे केला, तर मी फटीच्या तोंडाशी बसले आणि त्यांच्या मनगटावर चार नखे ओढली.

बाबांनी मला जन्मात कधी मारले नव्हते. तेव्हाही मारले नाही. हात झटकत एवढेच म्हणाले, "हिला झालंय तरी काय? चला, जनावरांच्या डॉक्टरकडेच जाऊ. दुसरी नळी आणू आणि हिची नखंही कापून घेऊ." असे मी आणि शेठ, दोन टोपल्यांत, दवाखान्यात निघालो. मला शिक्षा व्हायची होती आणि त्याची सेवा. वाटभर मी तोंड फिरवून बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला ओळखत होत्या. बाबांनी मांजरीची नळी मागितली तेव्हा त्यांनी कपाट उघडले, आणि सहज विचारले, "मावशीसाठीच ना?"

"नाही, या सशासाठी," बाबा म्हणाले.

बाईंनी कपाट बंद केले. "घातली तर नाही ना याला एखादी?"

"घालणार होतो. या बयेनं पाडली."

"पाडली ते बरं झालं," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "मांजरीच्या त्या औषधात जे असतं ना, ते सशाला सोसत नाही. खाणं सुटतं, झटके येतात. पुष्कळ ससे जातात त्यानं."

बबडीने शेठला इतके घट्ट धरले की बाईंनीच तिची बोटे सैल केली. बाबा आपल्या मनगटावरच्या ओरखड्यांकडे बघत राहिले.

मग बाईंनी शेठच्या मानेवरचा कोंडा चिकटपट्टीवर घेतला आणि भिंगाखाली धरला. बबडीलाही पाहू दिला. त्या कोंड्यातले काही ठिपके चालत होते. "हा माइट, बारीक किडा," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी शेठला वजनकाट्यावर ठेवले आणि वजनावरून सशाचे औषध मोजून काढले. त्याला चाटता येणार नाही असे खांद्यांच्या मधोमध ते सोडले. अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत, म्हणून पुन्हा आणायला सांगितले. आंघोळ घालायची नाही, ससा गारठतो आणि घाबरूनच दगावू शकतो, हे आईला बजावले. तो नीट खातो का, लेंड्या टाकतो का, यावर लक्ष ठेवा म्हणाल्या. पुरळ गेले नाही तर बबडीला तिच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते.

शेवटी त्यांनी माझी मान पाहिली. "हिलाही झालंय की. दोघं एकाच जागी झोपतात का?"

बबडी म्हणाली, "नाही. मावशीनं आपली जागा त्याला दिली."

दिली! मित्रांनो, माझे नशीब असे की हिसकावलेले दान ठरते. मला माझे वेगळे औषध मिळाले, नखेही कापली गेली.

घरी आल्यावर बाबांनी जे केले ते मी आजवर पाहिले नव्हते. कपाट सरकवून ती नळी काढली आणि फेकून दिली. निळ्या सुटकेसचे अस्तर फाडून जाळले, गवत जाळले, सुटकेस उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवली. माझ्या आईचा वास ज्यात होता ते अस्तर गेले. बबडीच्या आईने नवे शिवले, पण एक नाही, दोन. दुसऱ्यासाठी बाबांनी आणखी एक विसरलेली बॅग काढली. ती शेठची. निळी माझी.

तेव्हापासून माझे फार कौतुक होते. बबडी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, मावशीने शेठचा जीव वाचवला, तिला आधीच कळले होते. घरात कसलीही बाटली उघडली की ती आधी माझ्या नाकाशी धरते. "मावशी, बघ गं, हे त्याचंच आहे ना?" मी डोळे बारीक करून हुंगते. मला त्यातले काही कळत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, मांजरीच्या नाकावर विसंबू नका. चेन आणि बक्कल एकाचे दुसऱ्याला लागते, औषध लागत नाही. ज्याचे त्याचे औषध वजन करून, डॉक्टरांना विचारूनच द्या. तुमच्या घरी ऐन वेळी जळणारी मावशी असेलच असे नाही.

आणि मी सुधारले असेही समजू नका. आजही त्याचे कान कुरवाळले की माझ्या पोटात दुखते. फक्त आता दुपारी डोळा लागण्याआधी मी एकदा त्याच्या बॅगेत डोकावते आणि तोंड हलते आहे ना ते बघते. शेठला काही झाले, तर मी जळायचे कोणावर?