भागवतांचा थर्मास

माझ्याइतका नाजूक गळा अख्ख्या कुंभकोणमात नाही, असं लोकांना मीच सांगत आलोय. भजनात पुढं बसून गाणारा, निरूपण करणारा भागवत मी, सुंदरराव. शेजारी थर्मास. त्यात सुंठ-मिऱ्याचं कढत पाणी आणि पाण्यात खोकल्याचं औषध, तेही गुंगीचं. खोकला जाऊन चार वर्षं झाली, औषध राहिलं. एकाच दुकानात गेलो तर संशय यायचा, म्हणून आज स्वामीमलै, उद्या तिरुभुवनम्, अशी आसपासची देवळांची गावं पालथी घालायचो. बसमध्ये लोक हात जोडून म्हणायचे, "या वयात केवढी क्षेत्रं करता हो!" मी बेशरम आशीर्वाद द्यायचो.

व्यसन? छे! व्यसन दारुड्यांना. त्यांच्यावर मी निरूपणात असा घसरायचो की बायका डोळे पुसायच्या. मध्येच एक घोट घ्यायचा आणि पुन्हा व्यसनावर तुटून पडायचं.

परवा एकादशीला सकाळी माझी नात शरण्या पहिल्यांदाच अभंग म्हणणार होती. सात वर्षांची पोर, नेमका घसा बसलेला. मी अंघोळीला गेलो तेव्हा गायत्रीनं, माझ्या मुलीनं, थर्मासातलं पाणी तिला पेलाभर पाजलं. एरवी मी त्याला कुणाला हात लावू देत नसे. पण भागवताच्या पात्रातलं ते प्रसाद, ही आमची रीत, आणि ती सगळ्यांना शिकवणाराही मीच शहाणा!

अभंग राहिला बाजूला. पोर आईच्या मांडीवर कलंडली ती उठेचना. ओठ निळसर पडले, श्वास अडखळायला लागला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिलं होतं?"

"सुंठेचं पाणी," मी म्हणालो. अरे देवा, तेव्हासुद्धा!

त्यांनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. "आणखी काय?"

गायत्री रडत म्हणाली, "अप्पांनी स्वतः केलेलं पाणी आहे, बाई. अप्पा कधी खोटं बोलत नाहीत."

"थोडं खोकल्याचं औषध होतं," मी पुटपुटलो. "दोन चमचे."

"खरं सांगा. पोर हातची जाईल."

"अख्खी बाटली ओतली होती."

त्यांनी धावपळ करून इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं शरण्यानं भोकाड पसरलं. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. गायत्री तिला छातीशी धरून माझ्याकडं बघत राहिली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. आणि काय सांगू, घसा खवखवायला लागला! समोरच औषधांचं दुकान. मी उठलो, पायऱ्या उतरून चार पावलं गेलोसुद्धा. नात आत नळ्या लावून पडलेली आणि हा भागवत निघाला बाटली आणायला. माझीच मला भीती वाटली.

तसाच मागं फिरलो आणि डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभा राहिलो.

"आता काय?" त्या म्हणाल्या.

"मलाही भरती करून घ्या, बाई," मी म्हणालो. "मला एकट्याला बाहेर सोडू नका."