भिंतीचं तोंड

भिंत बांधायची म्हणजे दगड लागतो, वाळू-सिमेंट लागतं, गवंडी लागतो आणि या सगळ्याच्या आधी अक्कल लागते. बाकीचं सामान मागवावं लागेल, पण अक्कल घरचीच आहे, अशी इंजिनेराची खात्री होती. तो खरा इंजिनेर नव्हताच. एकदा रस्त्याचं काम चाललं असताना त्यानं साहेबाला उतार चुकल्याचं सांगितलं. उतार बरोबर होता. तेव्हापासून गाव त्याला इंजिनेर म्हणू लागलं. हे चिडवणं आहे हे त्याला कळत होतं, पण हाक कानाला गोड लागायची, म्हणून त्यानं कधी तक्रार केली नाही.

इंजिनेराचं घर उतारावर वरच्या अंगाला, धाकट्या भावाचं खालच्या अंगाला. मधे पुरुषभर उंचीची मातीची दरड. पाऊस लागला की ढेकळं सुटायची आणि धाकट्याच्या परसात, त्याची बायको भांडी घासायची तिथं येऊन पडायची. दरड इंजिनेराची, तेव्हा भिंत त्यानंच घालायची हे उघड होतं. अडचण एवढीच, की दोघं भाऊ बोलत नव्हते. धाकट्यानं स्वयंपाकघर बांधायला काढलं तेव्हा इंजिनेर न बोलावता गेला आणि दार चुकीच्या जागी आहे म्हणाला. धाकटा म्हणाला, "दादा, तू तुझं घर बघ." इंजिनेर जो वर आला, तो आपलं घरच बघत बसला. दार योग्य जागी होतं हे त्याला वाटेतच कळलं होतं, पण अर्ध्या वाटेवरून माघारी फिरायचं असतं हे काही कुणी शिकवलं नव्हतं.

तर गवंडी खाली उभा राहून दगड लावायचा आणि इंजिनेर वर बसून हुकूम सोडायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं त्याची बायको येता-जाता म्हणायची. तरी एक गोष्ट त्यानं पक्की केली. भिंतीमागं नुसती माती लोटू दिली नाही. आधी खडी भरली, आणि भिंतीतून ठिकठिकाणी पाइपाचे तुकडे काढले, खाली उतार देऊन. माती पाणी प्यायली की फुगते आणि भिंतीला ढकलते, पाण्याला वाट पाहिजे, हे त्यानं गवंड्याला समजावलं. गवंड्याला ते आधीच माहीत होतं. त्यानं मान डोलावली आणि विडी पेटवली.

काम संपत आलं तसं गवंड्यानं विचारलं, खालच्या बाजूनं गिलावा करायचा का. इंजिनेर म्हणाला, तिकडं कोण बघतंय. वरचा कठडा मात्र त्यानं आरशासारखा घोटून घेतला, कारण तिथं संध्याकाळी बसायचं होतं. अशा भिंतीची पाठ बांधणाऱ्याकडं असते आणि तोंड शेजाऱ्याकडं, ही साधी गोष्ट इंजिनेराच्या डोक्यात आली नाही. किंवा आली आणि त्यानं ती येऊ दिली नाही.

वळवाचे पाऊस नीट गेले, पण पावसाळा लागला आणि त्याच्या अंगणात पाणी साचलं. पहिल्यांदा त्यानं पावसाला दोष दिला. मग अंगणाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनाशी म्हणून तो स्वतःच हसला, पण हसून पाणी हटेना. भिंतीमागं उकरून बघितलं तर खडी साफ, पाइपांची तोंडं मोकळी. आत बादली ओतली तर पाणी जागचं हलेना. उतार उलटा दिला की काय? ज्यानं साहेबाला उतार शिकवला, त्याच्याच पाइपाचा उतार उलटा, हे गावाला कळलं तर गाव त्याला आता काय म्हणेल, याचा विचार करत तो बसला. तेवढ्यात त्याला कठडा आणि माती यांच्यात फट दिसली. बोट जाईल एवढी. भिंत पुढं सरकत होती.

आता मात्र तो ताडकन उठला. खाली भांडी वाजत होती.

खाली जायचं तर वळसा घालून धाकट्याच्या दारातून जावं लागणार. इंजिनेरानं ओळंबा घेतला, कठड्यावर पालथा पडला आणि डोकं खाली लोंबकळवून बघू लागला. वरून सोडलेली दोरी पायथ्यापासून चांगली चार बोटं लांब लोंबत होती. भिंतीला त्याच्यासारखंच पोट आलं होतं. आणि भिंत पांढरीशुभ्र होती. गुळगुळीत गिलावा, कोपरे सुरीसारखे. एकही भोक नव्हतं.

परसात धाकटा उभा होता. त्यानं वर बघितलं.

"दादा, पडशील."

इतक्या काळानंतरचं हे पहिलं बोलणं. इंजिनेराला डोक्यात रक्त उतरल्यामुळं की कशामुळं, डोळ्यांत पाणी आलं. उलट्या डोळ्यांतलं पाणी कपाळाकडं जातं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"भोकं कुठं गेली?"

"बुजवली. गढूळ पाणी भांड्यांवर यायचं. आणि भिंत किती ओबडधोबड ठेवली होतीस तू. म्हटलं, तोंड आपल्याकडं आहे, आपणच नीट करावं."

"आधी तुझ्या बायकोला तिथून उठव," इंजिनेर म्हणाला. "भिंत येतीय खाली."

मग तो खाली धावला. पायात चपला नव्हत्या आणि वाटेतला अभिमान कुठं पडला हेही त्यानं बघितलं नाही. त्यानं हट्टानं हातोडा घेतला आणि धाकट्यानं छिन्नी धरली. जन्मभर हत्यारापेक्षा जीभच जास्त चालवलेली, त्यामुळं पहिला घाव धाकट्याच्या अंगठ्यावर बसला. धाकट्यानं निमूटपणे हातोडा काढून घेतला आणि छिन्नी त्याच्या हातात दिली. पहिलं भोक फुटलं तसा चिखलाचा फवारा इंजिनेराच्या तोंडावर आला. धाकट्याची बायको पदरात तोंड लपवून हसली. एकेक करून सगळी भोकं मोकळी झाली आणि भिंत रात्रभर पाणी ओकत राहिली. पडली नाही.

पाऊस उघडल्यावर गवंडी आला. मधला फुगलेला भाग उतरवून नव्यानं बांधायला लागेल म्हणाला. भोकं कुठं ठेवायची, त्यातलं पाणी कुणीकडं न्यायचं, गिलावा गुळगुळीत की खरबरीत, असं सगळं त्यानं इंजिनेराला विचारलं आणि विडी काढली, कारण उत्तर लांबणार हे त्याला ठाऊक होतं.

इंजिनेरानं तोंड उघडलं. सगळी उत्तरं तयार होती. मग तो धाकट्याकडं बोट करून म्हणाला, "याला विचार. तोंड याच्याकडं आहे."

गवंड्याची विडी पेटायची राहिली. इंजिनेर आपल्या तोंडानं दुसऱ्याला विचार म्हणाला, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. खरी कुणीच मानली नाही, त्याच्या बायकोनंसुद्धा नाही.