सरावाची पन्नास मतं

"लोकशाहीत एकेक मत म्हणजे एकेक हिरा, आणि आपण त्या हिऱ्यांचे राखणदार," असं केंद्राध्यक्ष अंबादास सरांनी मतदानाच्या दिवशी पहाटे कांजूरमार्गच्या शाळेत आपल्या तुकडीला सांगितलं. अर्ध्या तासात राखणदाराने पन्नास खोटे हिरे खऱ्यांत मिसळले.

झालं असं, की मशीन तपासायला आधी दोन्ही बाजूंच्या एजंटांकडून मॉक पोल घेतात. ही सरावाची मतं मग मशीनमधून पुसायची आणि पुसल्याच्या कागदावर सह्या करायच्या. सह्या झाल्या. पुसायचं बटण दाबणार, तेवढ्यात कांदेपोहे आले.

आता मुलुंडच्या मतमोजणीच्या हॉलमध्ये नंदकुमारशेठ चार मतांनी निवडून आले होते आणि सरांच्या मशीनमध्ये नोंदवहीपेक्षा पन्नास मतं जास्त निघाली होती. पडलेल्या रत्नप्रभाताईंनी फेरमोजणी मागितली. मशीनने तिसऱ्यांदाही तोच आकडा दाखवला. बिचाऱ्याला दुसरा येतच नव्हता. बाहेर एकीकडे ताईंची माणसं, दुसरीकडे शेठची, मध्ये पोलीस. दोन्हीकडचे ढोल एकाच पथकाचे होते, त्यामुळे ताल तेवढा जमत होता.

ताईंच्या माणसांनी चोरही शोधला होता. सरांच्याच शाळेतल्या दर्शना टीचर, केंद्रावर बोटाला शाई लावायला बसलेल्या. 'पन्नास मतं घुसवणारी' म्हणून त्यांचा फोटो सकाळपासून मोबाईलवर फिरत होता आणि त्या फोन बंद करून, दाराला कडी घालून घरात बसल्या होत्या. सरांना एवढंच हवं होतं, की आपली चूक कागदावर यावी आणि दर्शनाचं नाव त्यातून सुटावं.

ते आधी ताईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ताईंचा चेहरा उजळला. मग शेजारी उभ्या विकीने बोटांवर काहीतरी मोजलं. त्या पहाटे ताईंचा एजंट तोच होता आणि सरावाच्या भरात त्याने ताईंचं बटण एकतीस वेळा दाबलं होतं. शेठच्या वाट्याला एकोणीस. ही मतं काढली तर ताई चारऐवजी सोळा मतांनी पडत होत्या.

"सर, उन्हात जास्त फिरू नका," ताई म्हणाल्या. "आणि हे दुसऱ्या कुणाला बोलू नका."

शेठनी सरांच्या हातावर पेढा ठेवला. सरांच्या तोंडून फेरमतदान हा शब्द ऐकल्यावर तो परत घेतला.

उरल्या निवडणूक निर्णय अधिकारी मॅडम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाईलमधून तो कागद काढला.

"मतं पुसल्याची ही सही तुमचीच ना? मग पुसलीयत."

"पण मॅडम, मीच सांगतोय ना, नाही पुसली. त्या पोरीचा काय दोष?"

"तिची चौकशी होईल. रीतसर."

सर म्हणाले, मी लेखी देतो. मॅडमनी कोरा कागद दिला, स्वतःचं पेनही दिलं. 'मी, खाली सही करणार' इथवर सर आले आणि बाहेर दर्शनाच्या नावाने मुर्दाबाद सुरू झालं. या वेळी आवाज दोन्ही बाजूंनी येत होता. शेठच्या माणसांनाही चोर पसंत पडला होता. पुढचा शब्द कुठला होता, ते सरांना काही केल्या आठवेना.

मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"सर, पेन देता का जरा? निकालावर सही करायची राहिलीय."