हिरवा आकडा

श्यामकांत देवस्थळी बदलीवर कोलकात्याला आले आणि वर्षभरात शहराची हवा सुधारली. म्हणजे कागदावर.

हवेतला धूर-धूळ मोजणारं यंत्र त्यांच्या डमडमच्या कचेरीच्या आवारातच होतं. आकडा वाईट यायचा. श्यामकांतांनी आधी सरळमार्गी टिपण लिहिलं: बांधकामं झाका, कचरा जाळू नका, कोळशाच्या चुली बदलून द्या, म्हाताऱ्या बसगाड्या मोडीत काढा. साहेबांनी ते चहाच्या कपाखाली ठेवलं. "श्यामकांतबाबू, याला दोन पिढ्या लागतील. मला आकडा सोमवारी हवाय."

मग श्यामकांतांना सुचलं. रोज सकाळी टँकर आणून यंत्राभोवती पाणी मारायचं. धूळ खाली बसते, पाठोपाठ आकडाही बसतो. सगळं शहर मंकी टोपीत खोकत असताना त्यांचा आकडा हिरवागार. साहेब खूश, पुण्याच्या बदलीचा शब्दही दिला. ती बदली श्यामकांतांना बायकोच्या, शकुनच्या, दम्यासाठीच हवी होती.

पंचाईत एवढीच, की शकुन तो आकडा मोबाइलवर बघायची. डॉक्टरांनी बजावलेलं, हवा चांगली असेल तेव्हाच फिरायला जा. हिरवं दिसलं की बाई निघायची, बसच्या धुरातून, पेटलेल्या उकिरड्याच्या कडेने, आणि भात्यासारखी छाती घेऊन परतायची.

एक दिवस श्यामकांतांनी टँकर थांबवला. आकडा लाल झाला, शकुन घरी बसली, रात्री निवांत झोपली. साहेबांचा मात्र फोन आला.

"हवेला काय झालं?"

"काही नाही सर. होती तशीच आहे."

"मग पुण्याचं राहू द्यायचं का?"

दुसऱ्या दिवशी आकडा हिरवा. शकुन बूट चढवू लागली.

"शकुन, नको जाऊस. तो आकडा खोटा आहे. मीच पाणी मारायला लावतो तिथे."

ती हसली, हसता हसता खोकली. "अहो, तुम्ही? बिनातिकिटाची ट्रामसुद्धा जमली नाही तुम्हाला जन्मात. मला घरात बसवायला काहीही सांगता."

"दम्याचा पंप तरी घे."

"हवा चांगली असताना? छातीचं काय, ती मेली पहिल्यापासून रडकी."

जिन्यावरून खोकला एकेक मजला उतरत गेला. तो रस्त्यावर पोचेपर्यंत श्यामकांत दारातच उभे होते. इतक्यात फोन वाजला. टँकरवाला होता.

"सर, उद्यापण मारायचं ना पाणी?"

"मार," श्यामकांत म्हणाले. "बदली होईपर्यंत मार."