उजव्या पायाचा ब्रेक

"मी सांगतोय ते कुणाच्या बापाला पटणार नाही. मलाच अजून पुरतं पटलेलं नाही. पण माझं नाक बघा. काल सकाळपर्यंत ते सरळ होतं."

असं म्हणून मी जेवणाच्या टेबलावर गाडीची किल्ली ठेवली आणि तिच्यावर पंजा. समोर बायको, शेजारी लेक. लेक तलावावर विंडफॉइल, म्हणजे शिडाच्या फळीवरून पाण्यावर उडणं, शिकवते. गेल्या महिन्यात मी गॅरेजचा दरवाजा न उघडताच गाडी बाहेर काढली, तेव्हापासून तिनं धोशा लावलाय, "बाबा, हातापायांचा मेळ राहिला नाही तुमचा. किल्ली द्या." जन्मभर बस चालवलेल्या माणसाला! शेवटी ठरलं: तिच्या फळीवरून तलावात खुणेला तरंगणाऱ्या लाल पिंपापर्यंत जायचं आणि उडत परत यायचं. जमलं तर किल्ली माझी, नाहीतर तिची. काल ती शर्यतीला बाहेरगावी गेली आणि मी तिच्या मदतनिसाला, लंबूला, गाठलं.

"मग? पिंपापर्यंत गेलात?" लेकीनं विचारलं.

"गेलो आणि आलो. ऐक तर. तुझ्या आईला कळेल असं सांगतो."

"माझ्यावर उपकार नकोत," बायको म्हणाली. "रक्ताचे टॉवेल मीच धुतलेत."

तर ती फळी साधी नाही. पोटाखाली छातीएवढ्या उंचीचा खांब, खांबाच्या तळाला विमानासारखे पंख, कडा अशा की दाढी करून घ्यावी. वर शीड, ते धरायला आडवा दांडा. वारा भरला, वेग आला, की पंख पाण्याखालून फळीला उचलतात आणि माणूस हवेत. लंबू म्हणाला, "काका, मागचा पाय दाबला की वर, पुढचा दाबला की खाली. पिंपाला वळसा घातला की शीड दुसऱ्या अंगाला जातं, तेव्हा पायांची अदलाबदल. बस्स, एवढंच."

एवढंच! वारा आला आणि फळी सुटली. खालची खडखड एकाएकी थांबली. पाणी गप्प. मी तलावाच्या वर तरंगतोय, गुळगुळीत, नव्या टायरच्या बससारखा. अंगावर काटा आला हो! आणि लगेच खाली नजर गेली. घाबरलेला ड्रायव्हर काय करतो? ब्रेक मारतो. मी उजवा पाय दणकन आपटला.

उजवा पाय होता मागे.

फळी घोड्यासारखी उधळली. पंख पाण्याबाहेर आले आणि मग सगळं मिळून कोसळलं. आडव्या दांड्यानं बरगड्यांत गुद्दा घातला, शिडाची काठी हेल्मेटवर बसली आणि त्याची दोन भकलं झाली, वर पाण्यानं अशी कानफटात ठेवून दिली की पुढचा दात उडाला. तो फळीत रुतलाय. अजून तिथंच आहे.

"दातांच्या डॉक्टरनं पकडीनं काढला असेल," बायको पुटपुटली.

पुन्हा चढलो. पुन्हा उडालो, पुन्हा भ्यालो, पुन्हा ब्रेक. या खेपेला पंखानं मांडी उघडली, पाणी इतकं लाल झालं की लांबून मासेमारीवाला ओरडला, "पिंप फुटलं काय रे?" तिसऱ्यांदा दांडा नाकावर आला. आतून सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि माझं नाक डाव्या कानाशी गप्पा मारायला लागलं. लंबू बोटीतून केकाटत होता, "काका, पाय! तो पाय आवरा!"

काय आवरणार? लायसन मिळाल्यापासून तो पाय माझं ऐकत नाही. मग डोक्यात आलं, पायाला आवरता येत नसेल, पण भीतीला तर येतं? फळी खाली बसायला लागली की मी थोडंसं भ्यायचं. थोडंसंच. समोरून विनाब्रेकचा ट्रक येतोय असं डोळ्यांपुढे आणायचं, की उजवा पाय आपोआप दाबला जातो आणि फळी वर! पुरेशी वर गेली की ट्रक वळवून टाकायचा.

असा ट्रकांना भीत भीत पिंपापर्यंत गेलो. वळसा घातला, पाय बदलले, शीड फिरलं, आणि वादळ सुटलं. काय वारा! परतताना एक मोटारबोट आडवी आली, तिची काच मी खांद्यानं फोडली. आतल्या माणसाची टोपी माझ्या दातात, राहिलेल्या. समोर दगडी धक्का. आता आदळून मरणार! साधा ट्रक पुरेना, म्हणून गाडी चालवणारी तुझी आई डोळ्यांपुढे आणली—

"अहो!"

—आणि उजवा पाय असा दाबला, असा दाबला, की फळी धक्क्यावरून, बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांवरून, उडत थेट काठावरच्या क्लबच्या हिरवळीवर! रक्तबंबाळ, पण उभा.

मी किल्ली बोटात फिरवली. बायको हसत होती. लेकीनं दाताला हरकत घेतली नव्हती, टोपीलाही नाही. ती टेबलाखाली नुसते पाय हलवत होती. डावा पुढे, उजवा मागे. मग उजवा पुढे, डावा मागे.

"बाबा, जाताना उजवा मागे, बरोबर?"

"मग!"

"पिंपाला वळलात, पाय बदललेत. म्हणजे येताना उजवा पुढे." तिनं तळहात माझ्यापुढे धरला. "पुढचा दाबला की फळी खाली जाते. तुम्ही नाक खुपसून तळाला गेलात, बाबा, आणि लंबूनं बोटीत घालून आणलं. द्या इकडे किल्ली."