गाळलेल्या अकराजणी

कल्पिता भोईर कोलशेतच्या एका खासगी प्रयोगशाळेत नऊ वर्षं दातांवरच्या चिकट थराच्या मागे लागली होती. तोंडातले जंतू एकेकटे फारसा त्रास देत नाहीत. एकमेकांना धरून दातावर थर बांधला की हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. आपल्या लाळेतच या चिकटण्याला आडवं येणारं एक प्रथिन असतं. त्याच्यावर बेतलेलं संयुग कल्पितानं तयार केलं, त्याला बाभळीच्या सालीच्या अर्काची जोड दिली आणि गुळण्यांचं औषध बनवलं. ते जंतूंना मारत नव्हतं, त्यांना बूड टेकू देत नव्हतं.

ती कोपर गावची. तिच्या शब्दावर तिथल्या साठ बायका चाचणीला तयार झाल्या. दोन महिन्यांनी एकोणपन्नासजणींच्या हिरड्या सुधारल्या. उरलेल्या अकराजणींची जीभ सोलली गेली, तोंडात फोड आले. त्या अकराही जणी मिशेरी लावणाऱ्या; भाजलेल्या तंबाखूनं हुळहुळ्या झालेल्या तोंडाला सालीचा अर्क सोसला नव्हता.

विभागप्रमुख देवेश सरांनी अहवाल वाचला आणि ती अकरा नावं गाळायला सांगितली. मिशेरीवाल्या मुळात घ्यायलाच नको होत्या, असं त्यांचं म्हणणं.

"घेतल्या, म्हणजे मोजायच्या," कल्पिता म्हणाली. "उद्या बाटली विकताना आपण मिशेरी विचारणार आहोत का? मी सही करणार नाही, सर."

दुसऱ्या दिवशी तिचं काम काढून तिच्या हाताखालच्या दर्शनाकडे दिलं आणि तिला पॅकिंगच्या तपासणीला बसवलं.

कल्पितानं गप्प बसायचं नाकारलं. बायकांनी सही केलेल्या संमतीपत्रावर, चाचणीवर नजर ठेवणाऱ्या देखरेख समितीच्या अध्यक्षांचा नंबर छापलेला होता. ती कोपरला त्या अकराजणींतल्या बायजाबाईंकडे गेली, झालं ते सांगितलं आणि तक्रार करायचा हक्क तुमचाच आहे, हेही सांगितलं. बायजाबाईंचा जन्म मिठागरात राबण्यात गेलेला. त्यांनी लगेच फोन लावला.

शुक्रवारी घोडबंदर रोडच्या कचेरीत समितीची बैठक होती. बायजाबाई चौघींना घेऊन रिक्षानं आल्या. दारावर अडवलं, तेव्हा अध्यक्षांनीच त्यांना आत बोलावलं. देवेश सर समजावू लागले, की मावशी, तुमचं तोंड आधीच मिशेरीनं खराब होतं.

बायजाबाई उभ्याच राहिल्या. "तोंड माजा भाजला, त मना मोजाचा नाय? मिशेरी लावतंव ता मी पयल्याच दिवशी लिवून दिलता. तवा चालली, आता नाय चालत?"

अध्यक्षांनी मूळ अर्ज मागवले. बायजाबाईंनी सांगितलं ते त्यात जसंच्या तसं होतं. समितीनं चाचणी थांबवली. सगळ्या साठजणींचे आकडे द्या, अकराजणींवर उपचार करा आणि अर्क कमी करून नव्याने चाचणी घ्या, असा आदेश निघाला.

देवेश सरांनी कल्पिताला केबिनमध्ये बोलावून राजीनामा सुचवला. तिनं नकार दिला. काढायचं असेल तर कारण लिहून काढा, म्हणाली. ते कारण कुणी लिहिलं नाही. तिचं कामही तिला परत मिळालं नाही.

पॅकिंगच्या टेबलावरच तिनं नव्या चाचणीचा प्रस्ताव लिहायला घेतला. मिशेरी लावणाऱ्यांसाठी त्यात वेगळा गट ठेवला. दर्शना जेवणाच्या सुट्टीत येऊन शेजारी बसली आणि मागच्या चाचणीच्या वह्या तिच्यापुढे सरकवल्या. कल्पितानं पहिली वही उघडली.