डाव्या हातातली सुई

तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा आणि त्याची थोरली बहीण शाळेत चित्रकला शिकवायची. दोघांची लग्नं जमली नाहीत की दोघांनी जमू दिली नाहीत, यावर नातेवाइकांचं अजून एकमत नव्हतं. पण नऊ वर्षं दर रविवारी सकाळी ही भावंडं ईमेलने एक पत्र पाठवत आली होती. कुणी न ऐकलेलं एक गाणं, त्याबद्दल त्याने लिहिलेल्या दहा ओळी आणि त्या गाण्यावर ताईने काढलेलं एक चित्र. पत्र जायचं साडेतीनशे लोकांना. मोठ्या कंपन्यांच्या गाण्यांना तो हात लावत नसे. कुणी स्वयंपाकघरात, कुणी बंद गाडीत बसून केलेली गाणी तो जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर शोधायचा. शंभरातली नव्वद टाकाऊ निघत. तरी प्रत्येक गाणं तो पुरतं ऐकायचा. माणसाने एवढं केलंय, आपण तीन मिनिटं तरी द्यावीत, असं त्याचं म्हणणं.

शिवणकाम करणारी ती बाई त्याला अशीच सापडली. ना नाव, ना फोटो. तीन गाणी, ऐकणारे अकरा. मागे मोठी यंत्रं घरघरत होती आणि त्या घरघरीचाच सूर धरून एक बाई गात होती. आवाज गोड नव्हता, जरा बसलेलाच होता. पण दुसऱ्या कडव्यात ती चादरींचे नंबर म्हणू लागली. कुठल्या चादरीवरून कोण उठून घरी गेलं आणि कोण उठलंच नाही, हे एकेक करून सांगू लागली. त्याचा घास हातातच राहिला.

त्याने दुकानाचा पत्ता देऊन तिला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. ती एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात फाटक्या चादरी शिवायची. गाणी तिने तिथेच, घडी केलेल्या चादरींच्या दोन थप्प्यांमध्ये फोन ठेवून, रेकॉर्ड केली होती. नवरा गेल्यापासून ती दिराच्या घरी राहत होती आणि त्या गोतावळ्यात गुणगुणायचीही सोय नव्हती. गाणं खुशाल पाठवा, असं तिने कळवलं. फक्त नाव नको, चेहरा नको. चित्रासाठी म्हणून तिने एक फोटो पाठवला. त्यात नुसते हात, चादर आणि सुई.

ताई त्या चित्रावर तीन आठवडे बसली. पांढऱ्या चादरींच्या ढिगात एक पाठमोरी बाई, आणि बाजूला काढलेला तिचा डावा हात, सुई धरलेला, मधल्या बोटात पितळी अंगुस्तान.

"चेहरा दिसत नाही ना?" त्याने विचारलं.

"पाठमोरी आहे. तू हात बघ. डावखुरी आहे ती."

त्याने हात बघितला. नऊ वर्षांतलं हे सगळ्यात चांगलं चित्र, आणि ते या हातामुळेच, असं तो म्हणाला. त्यात काही खोटं नव्हतं.

पत्र गेलं आणि पहिल्यांदाच शंभरावर उत्तरं आली. लोकांनी गाणं पुढे धाडलं, चित्र पुढे धाडलं. दोन दिवस भावंडांचे पाय जमिनीला लागत नव्हते. बुधवारी तिची तिन्ही गाणी इंटरनेटवरून नाहीशी झाली.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी ती दुकानात आली. तिला ओळख सांगावी लागली नाही. ती बोलली आणि त्याने आवाज ओळखला. त्याने ताईला शाळेतून बोलावून घेतलं. ताई येईपर्यंत बाई स्टुलावर बसून होती. मग तिने काय झालं ते सांगितलं. चित्र फिरत फिरत हॉस्पिटलमधल्या कुणाच्या तरी फोनवर पोचलं. धुलाईघरात शिवणाऱ्या सहाजणी, त्यात डावखुरी एकच. मेलेल्यांच्या चादरी पुन्हा वापरतात अशी बदनामी केली म्हणून तिला त्याच दिवशी काढून टाकलं. दीर त्याच खात्यात मुकादम होता. त्याला साहेबासमोर मान खाली घालावी लागली, त्यामुळे घरात आता तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

ताई माफी मागू लागली, तर तिने तिला थांबवलं.

"चित्र चांगलं होतं हो," ती म्हणाली. "माझेच हात होते. मी तरी इतकं नीट कधी बघितलंय त्यांच्याकडे? तेवढंच नडलं."

ताईला रडूही येईना.

"तुमच्याकडे जे काही आहे, ते माझ्यासमोर पुसा," ती म्हणाली.

त्याने पुसलं. आधी गाणी, मग फोटो, मग चित्र. लोकांकडे गेलंय त्याचं काय, असं तिने विचारलं, तेव्हा ते आता आपल्या हातात नाही, हे त्याला सांगावं लागलं. ती उठली. दारापर्यंत सोडायला गेल्यावर त्याला राहवलं नाही.

"गाणं सोडू नका," तो म्हणाला.

"कुठे बसून गाऊ?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मूळ चित्र ताईने घरी जाऊन फाडलं. कागद जाड होता, पटकन फाटेना.

गाणं पुसून टाका, असं पत्र त्यांनी सगळ्यांना पाठवलं. काहींनी पुसलं. बाकीच्यांनी कळवलं की आता तर जपूनच ठेवू. मग कुणीतरी ते चित्रासकट दुसरीकडे टाकलं आणि महिन्याभरात ते लाखांनी ऐकलं. ही बाई कोण ते शोधून काढा, असं जो तो लिहू लागला. शोधू नका, अशी विनवणी त्याने दोन-चार ठिकाणी केली, तर लोकांचं कुतूहल आणखी वाढलं. त्याने लिहिणंच थांबवलं. तिचा नंबर लागेनासा झाला. तिला दुसरीकडे काम मिळालं का, हे त्याला कधीच कळलं नाही.

रविवारचं पत्र बंद पडलं. बंद करायचं असं काही ठरलं नव्हतं. ताईला माणसं काढवेनात. तिने झाडं काढून बघितली, डोंगर काढून बघितले आणि मग रंगांचा डबा शाळेच्या कपाटात ठेवून दिला.

वर्षभराने कॉलेजातली एक मुलगी चष्मा बसवून घ्यायला आली. तो कानामागची काडी वाकवून देत होता, तेवढ्यात तिने स्वतःच्या कानातलं इअरफोनचं बोंडुक काढून त्याच्यापुढे धरलं.

"काका, हे ऐकलंत? कोण गातंय, कुणालाच माहीत नाही."

यंत्रांची घरघर त्याला लांबूनच ऐकू आली.

"नाही," तो म्हणाला.

"पाठवू तुम्हाला? मी सगळ्यांना पाठवते."

नको, असं म्हणून त्याने दुसरी काडी हातात घेतली. चष्मा आता सैल होतोय का, ते त्याने विचारलं. मुलीने मान हलवून बघितली आणि नीट बसलाय, म्हणाली. घरी गेल्यावर त्याने ताईला यातलं काही सांगितलं नाही.